तीन पेडांचा दोर

मुलांनो, चेन्नईला गेलेली माणसं समुद्र पाहतात, देवळं पाहतात आणि येताना साड्या घेऊन येतात. मी यंदा मे महिन्याच्या सुट्टीत चेन्नईला जाऊन आले. मी काय पाहिलं ते सांगितलं तर तुम्ही हसाल. मी तिथला एक रस्ता पाहिला, त्या भागातल्या दोन संस्था पाहिल्या आणि एका सभागृहाचं नाव वाचलं. बस्स, एवढंच! पण ते कशासाठी, हे सांगायचं तर आधी ठकीची ओळख करून द्यायला हवी.

ठकी म्हणजे माझी भाची. लहानपणी लाकडी ठकी हातातून सोडायची नाही, म्हणून घरात हेच नाव पडलं. भाऊजींची बदली झाली तेव्हापासून ती चेन्नईच्या शाळेत आहे, यंदा सहावी झाली. सुट्टीचे पहिले पंधरा दिवस ती माझ्याकडे होती आणि तिला पोचवायला म्हणून मी निघाले होते.

आता एक गोष्ट सांगते, पण तुम्ही ‘अरेरे’ म्हणायचं नाही. ठकीला ते मुळीच आवडत नाही. तुम्ही पडलात की तुमचा गुडघा खरचटतो, ठकी पडली की हाड मोडतं. आतापर्यंत पाच वेळा प्लास्टर झालंय. एकदा तर नुसती खाटेवरून उतरताना पाय मोडला. तिच्या मांडीच्या हाडात डॉक्टरांनी सळई घातली आहे आणि ती कुबड्या घेऊन चालते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर किंचित निळसर झाक आहे, ती याच आजाराची खूण. आजाराचं नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. हे नाव ठकी एका दमात म्हणते आणि मग मला म्हणायला लावते.

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, ‘‘तुझ्या हाडातलं कोलॅजन जरा वेगळं बनतं.’’ झालं! घरी येऊन तिने मला फोन केला. ‘‘मावशी, तू शिक्षिका ना? मग सांग, कोलॅजन म्हणजे काय?’’

मी डी.एड. झालेली. प्रथिनं म्हणजे डाळी, दूध, अंडी, एवढं मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्यापुढचं मला येत नव्हतं. मी म्हटलं, ‘‘वाचून सांगते.’’ आणि वाचता वाचता कळलं की या कोलॅजनचा आकार ज्याने शोधून काढला, तो माणूस ठकीच्याच गावात, तिच्या घरापासून काही किलोमीटरवर बसून काम करत होता. मग म्हटलं, जाऊन पाहूयाच.

सोलापूरला रात्री गाडीत बसलो. ठकीने लगेच पत्ते काढले. रायचूर येईपर्यंत बदाम सात चालू होता आणि तिने मला सलग चारदा हरवलं. सकाळी जाग आली तेव्हा बाहेर आंध्रातली लाल माती आणि ताडाची झाडं दिसत होती. चेन्नई सेंट्रलला उतरलो आणि उन्हाने डोळे दिपले. मे महिन्यातल्या तिथल्या कडक उन्हाच्या दिवसांना अग्निनक्षत्रम म्हणतात. अगदी योग्य नाव! ठकी म्हणाली, ‘‘मावशी, आधी मोर पिऊ या.’’ मी चमकले. तमिळमध्ये ताकाला मोर म्हणतात, हे मला काय माहीत! तिच्या डोळ्यांत माझी फजिती बघण्याचा आनंद मावत नव्हता.

दोन दिवसांनी भाऊजींनी ओळखीतून परवानगी मिळवली आणि आम्ही दोघी सकाळीच रिक्षाने निघालो. ठकीने बसल्याबरोबर रिक्षावाल्याला बजावलं, ‘‘मेदुवा पोंगा,’’ म्हणजे हळू जा. खड्ड्यातला एक दणकाही तिला महागात पडू शकतो. मागे तिने दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली होती आणि तोंडाने मला रस्त्यातल्या पाट्या वाचून दाखवत होती.

आम्ही आलो सरदार पटेल रस्त्यावर. एका बाजूला गिंडीचं जंगल. खरंखुरं राष्ट्रीय उद्यान आहे ते, शहराच्या पोटात, आणि त्यात चितळ आणि काळवीट राहतात. याच भागात आयआयटी, अण्णा विद्यापीठ आणि मद्रास विद्यापीठाचा गिंडीचा परिसर. आणि इथेच केंद्रीय चर्म संशोधन संस्था. चर्म म्हणजे चामडं. १९४८ साली ही संस्था सुरू झाली. चामडं कसं कमवावं, टिकाऊ कसं करावं, याचा अभ्यास इथे होतो.

‘‘चामड्याचा आणि माझ्या हाडाचा काय संबंध?’’ ठकीने विचारलं.

फार जवळचा संबंध! चामडं म्हणजे बहुतांशी कोलॅजनच. कातडी, हाडं, कुर्चा, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा, या सगळ्यांत हेच प्रथिन असतं. आपल्या शरीरात सर्वांत जास्त प्रमाणात असलेलं प्रथिन हेच. हाडात चुन्यासारखा कडक क्षार असतो हे तुम्ही शिकला आहात. पण नुसता क्षार खडूसारखा तुटेल. त्याच्या आत कोलॅजनच्या तंतूंचं जाळं असतं, म्हणून हाड दणका सोसतं. तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये सळया असतात ना, तसंच. कोल्हापुरी चप्पल करताना चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, तेव्हा त्यातला तुरट अंश याच तंतूंना घट्ट बांधून ठेवतो आणि मग चामडं कुजत नाही. आणि सुताराचा सरस पाहिलाय? तो हाडं-कातडी उकळून काढतात. तोही उकळलेला कोलॅजनच. कोलॅजन या शब्दात ‘सरस’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे.

आता त्या माणसाकडे येऊ. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन. जन्म ८ ऑक्टोबर १९२२, केरळातल्या एर्नाकुलमचा. वडील गणिताचे प्राध्यापक. रामचंद्रन १९४२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले ते विद्युत अभियांत्रिकी शिकायला. पण तिथे सर सी. व्ही. रामन होते! रामन यांनी त्यांना आपल्या भौतिकशास्त्र विभागात ओढून घेतलं. पुढे दोन वर्षं इंग्लंडमध्ये केंब्रिजला राहून त्यांनी पीएच.डी. केली आणि परत आले. १९५२ साली मद्रास विद्यापीठाला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक हवा होता. कुलगुरू होते लक्ष्मणस्वामी मुदलियार. त्यांनी आधी रामन यांनाच विचारलं. रामन यांनी रामचंद्रन यांचं नाव सुचवलं. वय अवघं तीस, आणि एकदम विभागप्रमुख!

विभाग नवा. मोठमोठी उपकरणं नाहीत. करायचं काय? त्याच सुमाराला जे. डी. बर्नाल नावाचे मोठे शास्त्रज्ञ मद्रासला आले होते. बोलता बोलता ते म्हणाले की कोलॅजनची रचना अजून कुणाला नीट उलगडलेली नाही. अमेरिकेचे लायनस पॉलिंग म्हणजे या विषयातले महारथी, पण कोलॅजनच्या बाबतीत त्यांचाही अंदाज चुकला होता. रामचंद्रन यांनी हाच प्रश्न घेतला. आणि कोलॅजन मिळवायला लांब जायला नको होतं, चर्म संशोधन संस्था शेजारीच होती! तिथून त्यांना मिळाली कांगारूच्या शेपटीतली कंडरा.

‘‘कांगारू? मद्रासमध्ये?’’ ठकी इतक्या जोरात हसली की फाटकावरच्या पहारेकऱ्यानेही हसून पाहिलं. कांगारू नव्हे गं, फक्त शेपटीतला दोर!

आता तो छत्रीचा प्रयोग. तुम्ही तो आज रात्रीच करून पाहा. काळ्या छत्रीच्या कापडातून रस्त्यावरच्या लांबच्या दिव्याकडे बघा. एका दिव्याभोवती फुलीसारखे पसरलेले पुष्कळ ठिपके दिसतील. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांमुळे उजेड असा फाकतो. धागे जितके जवळ, तितके ठिपके लांब. म्हणजे धागा डोळ्यांना न दिसताही ठिपक्यांवरून विणीचा अंदाज बांधता येतो. क्ष-किरणांचं हेच तंत्र आहे. कंडरेच्या तंतूवर क्ष-किरण सोडायचे आणि पलीकडच्या फिल्मवर उमटलेले ठिपके मोजायचे. त्यावरून आतले अणू कसे बसले असतील ते ओळखायचं. कोडं सोडवण्यासारखंच! रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी ते सोडवलं आणि १९५४ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापलं. कोलॅजन म्हणजे एकमेकींना बिलगून चालणाऱ्या तीन साखळ्या. १९५५ साली त्यांनी ती रचना सुधारली. या साखळ्या नुसत्या शेजारी नाहीत, त्या एकमेकींभोवती पिळलेल्याही आहेत.

तुमच्यापैकी शेतकऱ्यांची मुलं हे चटकन ओळखतील. बैलाचं दावं वळताना पाहिलंय ना? प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ देतात आणि मग तिन्ही पेड एकत्र उलट दिशेने वळतात. म्हणून दावं उलगडत नाही. कोलॅजनचं अगदी तसंच आहे! प्रत्येक साखळीचा पीळ डावा आणि तिघींचा मिळून पीळ उजवा. माझे आजोबा ओसरीवर बसून दोर वळायचे, ते मला तिथे त्या रस्त्यावर आठवले. असा एक दोर केवढा असतो? एका मिलिमीटरमध्ये असे तीन हजारांहून जास्त दोर लांबीने एकापुढे एक मावतील.

प्रत्येक साखळी म्हणजे मण्यांची माळ. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. आपल्या शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या मण्यांची बनतात. कोलॅजनच्या माळेत मात्र एक शिस्त आहे : दर तिसरा मणी ग्लायसिन. चुकायचं नाही! का? तीन पेड पिळले की मधोमध जागा अगदी चिंचोळी उरते. दर तिसरा मणी त्या जागेत येतो आणि तिथे सर्वांत छोटा मणीच मावतो. तो म्हणजे ग्लायसिन. चंद्राची एकच बाजू सतत पृथ्वीकडे असते, तशी साखळीची ग्लायसिनची बाजू सतत आत. रामचंद्रन यांनाही पीळ कसा असेल हे शोधताना चंद्राचीच आठवण झाली होती, असं सांगतात.

मी इथे थांबले. पुढचं सांगावं की नाही ते मला कळेना. पण ठकी काही लहान नाही. ती म्हणाली, ‘‘मग माझ्या माळेत काय झालंय?’’

मी सांगितलं. एका साखळीत सुमारे हजार मणी असतात. या आजारात बरेचदा त्यातल्या एकाच जागी ग्लायसिनऐवजी दुसरा, थोडा मोठा मणी येतो. हजारात एक! पण तो त्या चिंचोळ्या जागेत मावत नाही. तिथे दोराचा पीळ नीट बसत नाही आणि हाडाचं जाळं कमजोर राहतं.

ठकी बराच वेळ काही बोलली नाही. कुबडीच्या टोकाने जमिनीवर ठिपके काढत होती. दोन सोडून तिसरा, दोन सोडून तिसरा. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मी दूध पीत नाही म्हणून नाही ना?’’

मुलांनो, मला माहीत नव्हतं की हे पोर इतकी वर्षं असं समजत होतं. आम्ही मोठी माणसं ‘दूध पी, नाहीतर हाडं मोडतील’ म्हणत राहतो. मी तिला सांगितलं, नाही गं बाई, तुझी काही चूक नाही. (दूध मात्र प्यायचंच, हे मी लगेच जोडलं. शिक्षिका ना शेवटी!) मोरावळ्याचंही सांगितलं. कोलॅजनचे दोर घट्ट राहायला क जीवनसत्त्व लागतं. ते न मिळाल्याने पूर्वी लांबच्या प्रवासात खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं आणि जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. पण ठकीच्या आजारावर मोरावळा हा काही इलाज नव्हे, हेही खरं. तिला हाडं बळकट करणारं औषध देतात, व्यायाम असतो. तो चुकीचा मणी बदलण्याचा उपाय अजून नाही.

आम्ही संस्थेच्या आवारात गेलो. तिथलं सभागृह मला पाहायचं होतं. त्याचं नाव आहे ‘ट्रिपल हेलिक्स’, म्हणजेच तीन पेडांचा पीळ! सभागृहांना पुढाऱ्यांची नावं असतात, देणगीदारांची असतात. रेणूच्या आकाराचं नाव दिलेलं सभागृह मी पहिल्यांदाच पाहिलं. ठकीने नावासमोर उभं राहून फोटो काढून घेतला, तोही कुबड्या बाजूला ठेवून. माझा जीव खाली-वर होत होता.

तिथून थोड्याच अंतरावर विद्यापीठाचा गिंडीचा परिसर. रामचंद्रन यांचा विभाग पुढे इथे स्फटिकशास्त्र आणि जीवभौतिकी या नावाने मोठा झाला. एका झाडाच्या सावलीत बसून आम्ही डबा खाल्ला आणि मी ठकीला भांडणाची गोष्ट सांगितली.

भांडण असं. रामचंद्रन यांचा शोध छापून आला आणि लगेच १९५५ सालीच केंब्रिजहून अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी हरकत घेतली. डीएनएची रचना शोधणाऱ्या जोडीतले हेच ते क्रिक! ते म्हणाले, तीन साखळ्या ठीक आहेत, पण तुमच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत, इतके जवळ ते येऊच शकत नाहीत. शिवाय साखळ्यांना जोडणारे बंध तुम्ही दर तीन मण्यांमागे दोन म्हणता, तिथे एकच असणार.

एवढ्या मोठ्या माणसाने असं म्हटल्यावर तुम्ही काय कराल? कुणी रुसेल, कुणी उलट पत्र लिहील. रामचंद्रन यांनी एक साधा प्रश्न धरला : अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हे कुणी मोजलंय का? मग त्यांनी आधी छापून आलेल्या कितीतरी रेणूंच्या रचना गोळा केल्या आणि त्यांतली अंतरं पाहून प्रत्येक जोडीसाठी कमीत कमी अंतराची मर्यादा ठरवली. तिथून पुढचा प्रश्न निघाला. प्रथिनाची साखळी कशी वळू शकते आणि कशी नाही? सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या सहकाऱ्यांबरोबर, संगणक हाताशी नसताना, मेजावरच्या गणनयंत्रावर आकडेमोड करून त्यांनी एक चौकोनी नकाशा बनवला. तो १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्याला जगभर ‘रामचंद्रन आलेख’ म्हणतात.

हा नकाशा ठकीला कसा समजवायचा, याची मला धास्ती होती. पण गाडीतले पत्ते आठवले! घरी आल्यावर आम्ही सुई-दोरा घेतला आणि सात पत्ते कोपऱ्याला कोपरा असे ओवले. प्रथिनाच्या साखळीतही असेच सपाट तुकडे एकापुढे एक असतात. प्रत्येक कोपऱ्यावर दोन गिरक्या शक्य. मागचा पत्ता गिरकी घेईल किंवा पुढचा पत्ता गिरकी घेईल. दोन्ही गिरक्यांचे कोन मोजायचे, एक आडवा मांडायचा, एक उभा. झाला नकाशा. वाटतं की पत्ते हवे तसे फिरतील, पण फिरवून पाहा! थोडं वळवलं की एक पत्ता दुसऱ्यावर आपटतो. त्या नकाशाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग असा आपटाआपटीचा, म्हणजे बंद. उरलेल्या छोट्या बेटांवरच प्रथिनं राहतात. ग्लायसिन मात्र लहानखुरा असल्यामुळे त्याला जास्त जागा मोकळी!

‘‘मग भांडणात जिंकलं कोण?’’ हा ठकीचा खरा प्रश्न. मी प्रामाणिकपणे सांगितलं की दोघंही थोडेथोडे. थेट बंध एकच असतो, हे क्रिक यांचं म्हणणं बरोबर निघालं. १९९४ साली कोलॅजनसारख्या एका छोट्या रेणूची बारकाईने पाहिलेली रचना प्रसिद्ध झाली, तिच्यात ते दिसलं. पण तीन साखळ्या आणि त्यांचा पीळ, हे रामचंद्रन यांचं. आणि गंमत बघा, त्या १९९४ च्या रेणूत शास्त्रज्ञांनी मुद्दाम एका जागी ग्लायसिनऐवजी दुसरा मणी बसवला होता, आणि नेमका तिथेच पीळ किंचित सैल झालेला दिसला. ठकीच्या दोरात काय होत असेल, त्याचा तो जणू फोटोच.

तो नकाशा तर अजून रोजच्या वापरात आहे. जगात कुठेही कुणी नवीन प्रथिनाची रचना काढली की आधी ती या नकाशावर ठेवून तपासतात. मणी भलत्याच जागी दिसले तर समजायचं, कुठेतरी चुकलंय. २०२४ साली प्रथिनांचे आकार संगणकाने ओळखणाऱ्यांना नोबेल मिळालं. त्या आकारांनाही ही परीक्षा चुकत नाही. रामचंद्रन यांना नोबेल मिळालं नाही. मला विचाराल तर मिळायला हवं होतं. १९७० साली त्यांनी मद्रास सोडलं आणि मग बंगळूरला रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. १९७१ साली लक्ष्मीनारायणन यांच्याबरोबर त्यांनी क्ष-किरणांच्या छायाचित्रांतून आतलं चित्र जुळवायची एक सोपी गणिती रीत दिली, ती पुढे सीटी स्कॅनसाठी महत्त्वाची ठरली. ठकी दोनदा त्या सीटीच्या गोल यंत्रातून जाऊन आली आहे. ‘‘तिथेपण हेच?’’ ती म्हणाली. रामचंद्रन ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईतच वारले.

मी परत निघाले तेव्हा ठकी स्टेशनवर आली नाही, जिने फार आहेत म्हणून ताईने येऊ दिलं नाही. गाडीत वेळ जावा म्हणून मी पत्ते काढले, तर मोजून सात कमी. बदामाचा सत्ताच नाही, खेळणार काय! घरी पोचल्यावर फोन केला. पलीकडून ठकी म्हणाली, ‘‘मावशी, मी आठवा पत्ता ओवलाय, आमच्या घरातल्या पत्त्यांतला. पण तो सारखा पाचव्यावर आपटतोय. थांब, फोन धर, मी जरा उलटा फिरवून बघते.’’